मधली नेमकी कोणाची?

एका वाचक भगिनींचे पत्र असे आहे:

"आम्ही तीन भावंडे आणि मी मधली. दादा एका पक्षाचा कट्टर समर्थक आहे आणि धाकटी बहीण त्याच पक्षाची तितकीच कट्टर विरोधक. आईच्या पंचाहत्तरीला दोघे आले आणि एकमेकांशी एक शब्दही न बोलता परत गेले. माझी मते दोघांशीही पूर्ण जुळत नाहीत. दादा म्हणतो, तुझे मौन म्हणजे तिला पाठिंबा. धाकटी म्हणते, तू कुंपणावर बसून मजा पाहतेस. घरात शांतता राहावी म्हणून अलीकडे रविवारी दादाचा फोन आला की मी त्याच्या बोलण्याला 'हो' म्हणते आणि धाकटी भेटली की तिच्या. मी 19 वर्षे शिक्षिका आहे. सध्या दोघांचे भांडण कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळांत विलीन करण्यावरून चालले आहे. निर्णय आपल्या सरकारचा म्हणून दादाला तो योग्य वाटतो आणि त्याच कारणासाठी धाकटीला अन्यायाचा वाटतो. दोघेही चुकत आहेत हे मला दिसते, तरी मी बोलत नाही. मध्ये असणे हा भित्रेपणा आहे का? एकदाची कोणाची तरी बाजू घेऊन मोकळे व्हावे का?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन टाकतो. मध्ये असणे हा भित्रेपणा नाही, आणि केवळ मोकळे होण्यासाठी कोणाचीही बाजू घेऊ नका. पण पत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य या प्रश्नांच्या आधीच ओझरते येऊन गेले आहे: फोनवर दादांना 'हो' आणि भेटीत धाकटीला 'हो'. राग मानू नका, परंतु याला मध्ये असणे म्हणता येत नाही. हा तळ्यात-मळ्यातचा खेळ झाला, आणि त्या खेळात उडी मारणाऱ्याला स्वतःचे मत नसते. पुकारणारा सांगेल तिकडे उडी घ्यायची असते. तुम्हाला होणारा त्रास मध्ये असल्यामुळे होत नसून, तुम्ही कोठे उभ्या आहात हे दोन्ही भावंडांपैकी एकालाही ठाऊक नसल्यामुळे होतो आहे, असे मला पत्र दोनदा वाचल्यावर वाटले.

राजकारणातले 'डावे' आणि 'उजवे' हे शब्द 1789 साली, राज्यक्रांतीच्या वेळी, फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेतल्या बसण्याच्या जागांवरून रूढ झाले, हे अनेकांना माहीत असते. मध्ये बसणाऱ्यांची गोष्ट मात्र क्वचित सांगितली जाते. 1792 च्या सप्टेंबरात तेथे नॅशनल कन्व्हेन्शन ही नवी प्रतिनिधिसभा भरली, तेव्हा सभागृहातल्या उंच बाकांवर बसणाऱ्या जहालांना 'डोंगर' म्हणू लागले आणि खालच्या बाकांवर, कोणत्याच गटाशी स्वतःला बांधून न घेता बसणाऱ्यांना 'मैदान'. ज्यांना त्यांचा राग येई ते त्यांना 'दलदल' म्हणत. ही दलदल संख्येने सभागृहातली सर्वांत मोठी होती. पुढच्या दोन वर्षांत ज्या सार्वजनिक सुरक्षा समितीने दहशतीचा कारभार चालवला, तिची मुदत दर महिन्याला याच सभागृहाच्या संमतीने वाढत राहिली, आणि त्या काळात रीतसर शिक्षा सुनावून सुमारे 17 हजार माणसे मारली गेली. 27 जुलै 1794 रोजी सभागृह त्या समितीतला सर्वांत प्रभावी नेता रोबेस्पिएर याच्यावर उलटले, तेव्हा त्याने वळून मैदानाकडे पाहिले, पण तेथून त्याच्या मदतीला कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशी त्याचाच शिरच्छेद झाला. मैदानातले एक प्रतिनिधी आबे सिएयेस यांना पुढे कोणीतरी विचारले की दहशतीच्या काळात तुम्ही काय केलेत, तेव्हा त्यांनी 'जगलो' एवढेच उत्तर दिले, असे सांगतात.

या उत्तराची चेष्टा मला करवत नाही, कारण गिलोटिन समोर असताना आपण काय केले असते हे कोणालाच सांगता येणार नाही. तुमच्या घरात मात्र गिलोटिन नाही. दादा फार तर फोन आपटतील, धाकटी फार तर पंधरा दिवस अबोला धरील. मैदानातल्या माणसांचे चुकले ते मध्ये बसण्यात नव्हे. आपल्या शेजारी बसलेलाही मनातून आपल्यासारखाच आहे हे त्यांतल्या प्रत्येकाला उशिरापर्यंत कळू शकले नाही, कारण कळण्यासाठी कोणीतरी आधी बोलावे लागते. जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी 1974 साली याच प्रक्रियेला मौनाचे आवर्त अशा अर्थाचे नाव दिले: आपले मत अल्पसंख्य आहे असे वाटणारा माणूस एकटे पडण्याच्या भीतीने गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्याने ते मत आणखी दुर्मीळ भासते, आणि मग पुढचाही मूग गिळतो. अमेरिकेत 2018 साली मोअर इन कॉमन या संस्थेने सुमारे 8 हजार लोकांची पाहणी करून असे मांडले की दोन्ही टोकांवरची कडवी माणसे वगळली तर उरणारे जवळजवळ दोन-तृतीयांश लोक या सततच्या भांडणाला कंटाळलेले आहेत. त्यांना संस्थेने 'थकलेले बहुमत' म्हटले. तुमच्या पत्रातला थकवा मी ओळखतो, तो एकट्या तुमचा नाही. पण थकलेल्यांचे बहुमत जोवर बोलत नाही, तोवर ते सभागृहात मोजले जात नाही आणि घरातही मोजले जात नाही.

आता 'मध्य' या शब्दाकडे येऊ, कारण दादा आणि धाकटी दोघेही तो शब्द चुकीच्या अर्थाने वापरत आहेत, आणि मला शंका आहे की नकळत तुम्हीही. दादांनी शंभर शाळा बंद करा म्हटले आणि धाकटीने एकही बंद करू नका म्हटले, तर पन्नास शाळा बंद करा हे उत्तर मध्यममार्गी ठरत नाही. ते निव्वळ अंकगणित आहे, आणि ज्याला अंकगणितच करायचे आहे त्याचे मत दोन्ही टोकांवरची माणसे रोज आपापल्या बाजूला ओढू शकतात. तुम्ही 19 वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या आहात. पहिलीतले मूल आणि आठवीतला मुलगा सारखे अंतर चालू शकत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. चारच मुले असलेल्या शाळेत मुलाला बरोबरीचे कोणी मिळत नाही, आणि त्याचा त्याच्या बोलण्यावर, खेळण्यावर काय परिणाम होतो, हेही तुम्ही पाहिले असणार. वाहनाची सोय करू असे सांगितले जाते तेव्हा ती एका वर्षापुरती आहे की कायमची, हा प्रश्न प्रथम तुमच्याच मनात येतो. म्हणजे काही ठिकाणी विलीनीकरण योग्य असेल, काही ठिकाणी ते मुलींचे शिक्षण थांबवील, आणि कोठे काय हे अंतर, वय आणि वाहन पाहून ठरेल. हे मत दादांच्या आणि धाकटीच्या मतांच्या मधोमध पडत नाही. ते त्यांच्या रेषेवरच नाही. स्वतःला मध्यममार्गी म्हणवणाऱ्यांची मते तपासल्यावर अभ्यासकांनाही असे आढळले आहे की त्यांतल्या पुष्कळांची मते सौम्य नसतात; ती मिश्र असतात, म्हणजे एका प्रश्नावर ठामपणे या बाजूची आणि दुसऱ्यावर तितक्याच ठामपणे त्या बाजूची.

मराठीत या बाबतीत एका शब्दाने आपला घात केला आहे. 'मवाळ' म्हटले की आपल्याला बोटचेपा, गुळमुळीत माणूस दिसतो. प्रत्यक्षात 1907 साली सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात जहाल आणि मवाळ यांची ताटातूट झाली, ती मवाळांना मत नव्हते म्हणून झाली नाही; त्यांचे मत सर्वांना नको इतके स्पष्ट माहीत होते. गोपाळ कृष्ण गोखले 1915 च्या फेब्रुवारीत वारले, तेव्हा आयुष्यभर त्यांच्याशी वाद घातलेल्या टिळकांनी स्मशानात त्यांचा मोठा गौरव केला. ज्याची जागा ठाऊक असते, त्याच्याविषयी असा आदर बाळगता येतो. उगीच मान डोलावणाऱ्याविषयी तो कोणाला वाटावा?

मग दादांना तुमचे मौन शत्रुपक्षाचे का वाटते? याचे कारण त्यांच्या स्वभावात फारसे नाही. मतभेद आणि ध्रुवीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्याच्या अभावाचीही तक्रार होऊ शकते: 1950 साली अमेरिकेच्या राज्यशास्त्र संघटनेच्या एका समितीने तेथील दोन मोठे पक्ष एकमेकांपासून पुरेसे वेगळे नाहीत, त्यामुळे मतदाराला खरी निवडच उरत नाही, असे गाऱ्हाणे मांडले होते. (त्या समितीची इच्छा नंतर भलतीच पूर्ण झाली.) 1960 साली त्याच देशात आपल्या मुलाने किंवा मुलीने विरोधी पक्षाच्या माणसाशी लग्न केले तर वाईट वाटेल, असे म्हणणारे दोन्ही पक्षांत शंभरात पाचेक होते, 2010 साली एका पक्षात जवळजवळ निम्मे आणि दुसऱ्यात एक-तृतीयांश लोक तसे म्हणत होते. जावई किंवा सून कोणत्या पक्षाची, हा करांचा किंवा शाळांचा प्रश्न नाही. तेथे धोरण मागे पडून 'आपले' आणि 'त्यांचे' एवढेच उरलेले असते.

आणि 'आपले' व्हायला माणसाला फार थोडे पुरते. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या 14-15 वर्षांच्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. तुम्हाला पॉल क्लेची चित्रे अधिक आवडतात किंवा कँडिन्स्कीची, असे सांगून मुलांचे दोन गट केले. खरे तर वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केलेली होती. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हते. मग त्यांना इतर मुलांमध्ये पैशांची वाटणी करायला सांगितली. मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, इतकेच नव्हे तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल पण दुसऱ्या गटाहून फरकाने जास्त मिळावे, असा पर्याय अनेकांनी निवडला. स्वतः ताजफेल हे पोलंडचे ज्यू होते आणि महायुद्धात त्यांचे जवळचे जवळपास सर्व लोक मारले गेले होते, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ प्रयोगशाळेतला नव्हता. ज्याने अशी वाटणी मनात एकदा केली, त्याला तिसरा गट दिसत नाही. दादांच्या हिशेबात तुम्ही 'आपल्या' नसाल तर 'त्यांच्या' असणारच. प्राचीन अथेन्समध्ये सोलोन या कायदेकाराच्या नावावर असा एक कायदाच सांगितला जातो की शहरात यादवी माजली असता जो कोणतीच बाजू घेणार नाही त्याचे नागरिकत्व जावे. धाकटीला हा कायदा फार आवडेल.

तर मग बाजू घ्यावी का? येथे मला उत्तर आयर्लंडची एक घटना आठवते, जी मी मध्यममार्गी मित्रांना नेहमी सांगतो आणि जी त्यांना नेहमी अस्वस्थ करते. 1998 च्या एप्रिलात झालेल्या शांतता करारानंतर तेथे जी विधानसभा आली, तिच्यात प्रत्येक सदस्याला आपण 'युनियनिस्ट' (ब्रिटनबरोबर राहू इच्छिणारे), 'नॅशनलिस्ट' (आयर्लंडशी एक होऊ इच्छिणारे) किंवा 'इतर' आहोत अशी नोंद करावी लागते. मोठ्या निर्णयांना सभागृहाचे एकूण बहुमत पुरत नाही. पहिल्या दोन गटांत स्वतंत्रपणे पाठिंबा मोजला जातो, म्हणजे त्या मोजणीत 'इतर' म्हणवणाऱ्याच्या मताला वजन नाही. 1970 साली दोन्ही समाजांना एकत्र आणण्यासाठी स्थापन झालेला अलायन्स पक्ष नेमका या 'इतरां'त मोडतो. 2001 च्या नोव्हेंबरात डेव्हिड ट्रिंबल यांची सरकारच्या प्रमुखपदी फेरनिवड व्हायची होती. सभागृहात त्यांच्या बाजूने बहुमत होते, पण त्यांच्याच युनियनिस्ट गटात थोडी मते कमी पडली आणि सर्व व्यवस्था कोसळण्याची वेळ आली. तेव्हा अलायन्सच्या तीन सदस्यांनी आपली नोंद बदलून 'युनियनिस्ट' अशी केली, चार दिवसांनी पुन्हा मतदान झाले आणि ट्रिंबल निवडून आले. काम झाल्यावर ते परत 'इतर' झाले. त्यांच्यावर टीका झाली, टिंगलही झाली.

या माणसांनी बाजू घेतली की नाही? घेतली, पण एका ठरावापुरती, एका जाहीर कारणासाठी, आणि सर्वांच्या देखत. युनियनिस्टांना एक आणि नॅशनलिस्टांना दुसरे असे त्यांनी सांगितले नाही. तुमचे दोन्हीकडचे 'हो' आणि त्यांचे ते मत यांत मला एवढाच फरक दिसतो, आणि तोच सगळा फरक आहे. या धोरणाचे फळ ताबडतोब मिळाले असे मात्र समजू नका. 2003 च्या निवडणुकीत करार घडवून आणणारे दोन्ही मवाळ पक्ष मागे पडले आणि दोन्ही बाजूंचे अधिक कडवे पक्ष पुढे गेले. अलायन्स त्यानंतरही वर्षानुवर्षे लहान राहिला. 2022 साली त्याने 90 पैकी 17 जागा जिंकून तिसरे स्थान मिळवले. स्थापनेपासून मोजले तर 52 वर्षे झाली होती.

याच्या उलट बाजूनेही तुम्ही स्वतःची तपासणी करावी, असे मी सुचवीन, कारण मध्यममार्गाची भलामण करणारे स्तंभ ही तपासणी सहसा टाळतात. 1963 च्या एप्रिलात अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग यांनी आठ धर्मोपदेशकांना जे उत्तर लिहिले, त्यात त्यांची सर्वांत कडू निराशा उघड द्वेष करणाऱ्यांविषयी नव्हती. ती उद्दिष्ट मान्य आहे पण घाई करू नका, असे सांगणाऱ्या गोऱ्या मवाळांविषयी होती. काही प्रश्नांना मध्य नसतो. एखाद्या समाजाला माणूस म्हणून मोजायचे की नाही, हा असा प्रश्न आहे. तेथे थांबा म्हणणाऱ्याचे काही जात नाही आणि थांबणाऱ्याचे आयुष्य जाते. म्हणून आपल्या मवाळपणाला एकच प्रश्न विचारावा: या सबुरीची किंमत कोण मोजतो आहे? तुमच्या मौनाची किंमत आतापर्यंत तुमची तुम्हीच मोजत आहात, असे तुम्हाला वाटत असेल. शाळांच्या प्रश्नात मात्र ती ज्या मुलांविषयी तुम्ही काही जाणता त्यांच्या खात्यावर पडते आहे, कारण या घरात त्यांच्या बाजूने माहितीनिशी बोलू शकणारे दुसरे कोणी नाही.

एक गोष्ट तुमच्याकडे आहे जी दादांकडे नाही आणि धाकटीकडेही नाही: तुम्ही दोघांचेही ऐकता. 1969 साली फ्रान्समध्ये मॉस्कोविची आणि झावालोनी या संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या लहान गटांना फ्रान्सचे नेते द गॉल यांच्याविषयी आणि अमेरिकनांविषयी चर्चा करायला लावली. द गॉल यांच्याविषयी आधीच बरे मत असलेल्या गटांचे मत चर्चेनंतर आणखी बरे झाले, आणि अमेरिकनांविषयीचे वाईट मत आणखी वाईट. एकाच मताच्या लोकांत बसून बोलल्याने माणूस जेथे होता तेथून त्याच दिशेला पुढे सरकतो. दादा रोज अशाच मंडळींत बोलत असतील आणि धाकटीही. याचा परिणाम समोरच्याविषयीच्या कल्पनेवर होतो. याच मोअर इन कॉमनच्या 2019 च्या पाहणीत अमेरिकेतल्या दोन्ही पक्षांच्या लोकांनी समोरच्या पक्षात टोकाची मते बाळगणारे किती असतील याचा जो अंदाज केला, तो प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट निघाला. दादांच्या डोक्यातली धाकटी ही खऱ्या धाकटीहून बरीच जहाल असणार, हे मी तिला न भेटता सांगू शकतो. तुम्ही तिला भेटता. 'धाकटी असे म्हणालेली नाही, ती एवढेच म्हणाली', हे वाक्य बोलण्याचा अधिकार घरात फक्त तुम्हाला आहे. तो वापरा. निरोप मात्र पोहोचवू नका. निरोप पोहोचवणाऱ्याच्या तोंडी दोन्ही बाजू आपले शब्द घालतात, आणि शेवटी दोघेही त्याच्यावरच चिडतात.

त्या दोघांचे एकमत घडवून आणणे हे तुमचे काम नाही. ते कदाचित कधीच होणार नाही, आणि न झाले तरी चालेल.

रविवारी दादांचा फोन येईल. राजकारणाचा विषय तुम्ही स्वतःहून काढू नका. शाळांचा निघालाच तर, आणि तो निघेल, 'हो' म्हणायच्या जागी आपल्या वर्गातल्या एका मुलाविषयी सांगा: तो किती लांबून येतो, पाऊस लागला की किती दिवस येत नाही, आणि विलीनीकरणानंतर त्याचे काय होईल. मग दादांना जे पटण्यासारखे वाटते त्यातले तुम्हाला खरोखर काय पटते, तेही सांगा, कारण काही पटत असणारच. धाकटीला हाच मजकूर, हेच दोन भाग, फक्त क्रम उलटा करून सांगा. तिच्याशी सुरुवात दादांचे जे बरोबर आहे तेथून करा. दोघांना सांगितलेले उद्या त्यांनी एकमेकांसमोर ताडून पाहिले, तर ते तंतोतंत जुळले पाहिजे. दादा चिडले आणि फोन ठेवला, तर लगेच फिरवून करू नका. पुढच्या रविवारी मात्र त्यांच्या फोनची वाट न पाहता तुम्ही आधी करा, आणि आईच्या तब्येतीविषयी बोला.